संरक्षण दलांना माल पुरवायचा आहे? लहान कारखानदाराने सुरुवात कुठून आणि कशी करावी

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे स्वतःचे लहानसे वर्कशॉप आहे आणि जे आजवर मोटार किंवा ट्रॅक्टर उद्योगासाठी सुटे भाग बनवत आले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना आता संरक्षण क्षेत्रात उतरावेसे वाटू लागले आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यात तोफा किंवा विमाने बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची माहिती नाही. वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याने या क्षेत्रातली पहिली ऑर्डर कशी मिळवावी, ती कशी पार पाडावी आणि त्यात बुडू नये यासाठी काय करावे, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. या व्यवसायात किंमत सर्वांत शेवटी ठरवायची असते. आधी ड्रॉईंग, मग तपासणीच्या अटी, मग पैसे हाती येण्याचा कालावधी आणि त्यानंतर किंमत, हा क्रम ज्याने उलटा केला त्याची पहिली ऑर्डर बहुधा शेवटचीच ठरते.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी उभारली होती, पण महायुद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर तर संरक्षण उत्पादन हे जवळजवळ पूर्णपणे सरकारी कारखान्यांचे क्षेत्र राहिले आणि खासगी कारखानदाराच्या वाट्याला आयुध निर्माणींना कच्चा माल किंवा सुटे भाग पुरवण्याचे काम आले. मे २००१ मध्ये केंद्र सरकारने परवान्याच्या अटीवर हे क्षेत्र भारतीय खासगी उद्योगांना खुले केले. २०२४-२५ या वर्षात देशातले संरक्षण उत्पादन सुमारे १ लाख ५० हजार ५९० कोटी रुपयांचे झाले आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा २३ टक्के होता. नवख्याने यातून घ्यायचा अर्थ असा, की उरलेले तीन चतुर्थांशांहून अधिक उत्पादन आजही सार्वजनिक उपक्रमांकडे आहे आणि म्हणून आपला पहिला ग्राहक बहुधा असा एखादा उपक्रम किंवा त्याला माल देणारी मोठी खासगी कंपनी असेल.

पहिली पायरी : ग्राहक कोण ते ओळखणे

संरक्षण खाते म्हणून एकच एक ग्राहक अस्तित्वात नाही. लहान कारखानदाराला प्रत्यक्षात तीन दारे उपलब्ध असतात.

पहिले दार सार्वजनिक उपक्रमांचे आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले आणि त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांतल्या दोन कंपन्यांची मुख्यालये महाराष्ट्रात आहेत : दारूगोळा बनवणारी म्युनिशन्स इंडिया पुण्यात आणि धातुकाम व सुटे भाग यांत असलेली यंत्र इंडिया नागपुरात. खडकी, देहूरोड, वरणगाव, भद्रावती आणि भंडारा येथील कारखाने पहिल्या कंपनीकडे आहेत, तर अंबाझरी, अंबरनाथ आणि भुसावळ येथील कारखाने दुसरीकडे. याखेरीज ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे आणि मुंबईत माझगाव डॉक आहे. यांतल्या प्रत्येकाची व्हेंडर नोंदणीची पद्धत वेगळी आहे. एका ठिकाणी नोंदणी झाली म्हणून दुसरीकडे ती चालत नाही.

दुसरे दार सैन्यदलांच्या स्वतःच्या आगारांचे आणि दुरुस्ती कार्यशाळांचे. खडकीला रणगाडे व चिलखती वाहनांच्या सुट्या भागांचे केंद्रीय आगार आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, देहूरोडला केंद्रीय आयुध आगार आहे, ओझरला हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो आहे आणि मुंबईला नौदलाची गोदी. येथील खरेदी मुख्यतः देखभाल-दुरुस्तीसाठी असते, रकमा त्या मानाने लहान असतात आणि नवख्याला झेपतील असे भाग येथेच जास्त निघतात. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असे एखादे आगार असेल, तर दिल्लीच्या प्रदर्शनाचे तिकीट काढण्याआधी तेथील खरेदी विभागाला रीतसर पत्र पाठवून भेटीची वेळ मागावी.

तिसरे दार मोठ्या खासगी कंपन्यांचे. भारत फोर्ज, लार्सन अँड टुब्रो, टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स, नागपूरची सोलर इंडस्ट्रीज अशा कंपन्या मूळ करार घेतात आणि शेकडो भाग बाहेरून बनवून घेतात. ज्याला सरकारी टेंडरचा अनुभव नाही, त्याने माझ्या मते याच दाराने आत यावे. कागदपत्रांचा मोठा भार मूळ कंपनी उचलते आणि आपल्याला या क्षेत्राची तपासणीची शिस्त अंगवळणी पाडून घ्यायला वेळ मिळतो.

दुसरी पायरी : वस्तू निवडणे

येथे उत्साहाच्या भरात मोठी चूक होते. बातम्यांमध्ये तोफा आणि ड्रोन दिसतात आणि आपणही असेच काही करावे असे वाटते. मोठ्या शस्त्रप्रणालीचा प्रवास किती लांबीचा असतो हे पाहायचे असेल, तर पुण्याच्या पाषाणमधील एआरडीई या, संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या म्हणजे डीआरडीओच्या, प्रयोगशाळेने आखलेल्या एटीएजीएस तोफेकडे पाहावे. तिच्या विकासाचे काम २०१२-१३ च्या सुमारास हाती घेतले गेले आणि ३०७ तोफांच्या खरेदीचा सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार भारत फोर्ज व टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी झाला तो मार्च २०२५ मध्ये. मधल्या बारा वर्षांत चाचण्या झाल्या, अपयशे आली, बदल झाले आणि पुन्हा चाचण्या झाल्या. एवढा काळ खर्च सोसणे मोठ्या उद्योगसमूहालाच शक्य असते. त्या तोफेतला एखादा भाग नेमक्या मापाने बनवून देणे मात्र लहान कारखान्याला नक्कीच शक्य असते.

म्हणून आपल्याकडे कोणते यंत्र आहे, कोणते मोजमापाचे साधन आहे आणि किती मायक्रॉनपर्यंतचे काम आपण आज खात्रीने करतो, याची प्रामाणिक यादी आधी करावी. त्यानंतर संरक्षण उत्पादन विभागाचे सृजन हे पोर्टल उघडावे. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर सार्वजनिक उपक्रम आणि सैन्यदले आजवर परदेशातून आणत असलेले, पण भारतात बनवून हवे असलेले भाग सूचीबद्ध आहेत. प्रत्येक भागाबरोबर तो कोणाला हवा आहे आणि साधारण किती प्रमाणात हवा आहे हे दिलेले असते. हे पाहताना वार्षिक मागणीचा आकडा नीट वाचावा. वर्षाला बारा नग लागणाऱ्या भागासाठी दीड लाखाचे फिक्स्चर आणि गेज बनवावे लागणार असेल, तर तो खर्च त्या बारा नगांवरच बसणार आहे. मोटार उद्योगात महिन्याला दहा हजार नगांचा हिशेब करणाऱ्याला हे गणित सुरुवातीला फार अवघड जाते.

याला पूरक म्हणून सरकारच्या स्वदेशीकरणाच्या याद्याही पाहाव्यात. त्यांतली पहिली, १०१ वस्तूंची यादी ऑगस्ट २०२० मध्ये आली. यादीतली वस्तू ठरलेल्या तारखेनंतर परदेशातून घ्यायची नाही असे बंधन खरेदीदारावर असते, त्यामुळे त्या वस्तूची मागणी देशातच राहणार हे निश्चित होते.

तिसरी पायरी : नोंदण्या आणि परवाने

उद्यम नोंदणी, जीएसटी, पॅन, तिसऱ्या वर्गाचे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र, सरकारी ई-मार्केटप्लेस म्हणजे जेम पोर्टलवरचे खाते आणि संरक्षण मंत्रालयाच्या ई-प्रोक्युरमेंट पोर्टलवरचे खाते, एवढे आठवड्याभरात होते. उद्यम नोंदणी करताना आपण उत्पादक आहोत, व्यापारी नव्हे, हे नोंदीत स्पष्ट असावे, कारण सूक्ष्म व लघु उद्योगांच्या खरेदी सवलती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहेत. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थेचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी विचारतात आणि विमानाच्या कामासाठी एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्राशिवाय कोणी दारात उभे करत नाही.

औद्योगिक परवान्याविषयी मात्र विनाकारण भीती पसरलेली आहे. रणगाडे, लढाऊ विमाने, युद्धनौका, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्या उत्पादनासाठी केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाचा किंवा शस्त्र कायद्याखालील परवाना लागतो. पण परवान्याची यादी गेल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने छाटली गेली असून बहुतेक सुट्या भागांना, कास्टिंग-फोर्जिंगला आणि चाचणीच्या उपकरणांना आता परवान्याची गरज नाही. आपली वस्तू शस्त्राच्या किंवा दारूगोळ्याच्या जवळची असेल, तर चालू यादी स्वतः वाचावी आणि शंका असेल तर विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा. स्फोटक पदार्थाशी कोणताही संबंध येत असेल, तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे नियम लागू होतात आणि तो वेगळा, अत्यंत गंभीर विषय आहे. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कामगार मरण पावले. अनेक दशकांचा अनुभव आणि कडक शिस्त असलेल्या कारखान्यातही असे घडू शकते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असे मी निक्षून सांगेन.

आणखी एक नियम आवर्जून लक्षात ठेवावा. जुलै २०२० पासून भारताला लागून भूसीमा असलेल्या देशांतील निविदाकारांना पूर्वनोंदणीशिवाय सरकारी खरेदीत भाग घेता येत नाही. भारतीय कारखान्यालाही आपल्या मालातला कोणता भाग कोठून आला हे सांगावे लागते. २०२५ च्या आरंभी सैन्याने चिनी सुटे भाग आढळल्यामुळे सुमारे ४०० ड्रोनचे करार रद्द केले. आपण वापरत असलेले बेअरिंग, सर्किट, मोटर, अगदी चुंबकसुद्धा, कोठे बनले याचा कागद आपल्या फायलीत असलाच पाहिजे. पुरवठादाराच्या तोंडी आश्वासनावर येथे विसंबता येत नाही.

चौथी पायरी : ड्रॉईंग आणि टेंडर वाचणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

खरेदी दोन प्रकारची असते. नवी शस्त्रप्रणाली घेणे ही भांडवली खरेदी. ती संरक्षण संपादन प्रक्रिया २०२० या नियमावलीनुसार चालते आणि तिच्यात देशी आशयाची, म्हणजे मालाच्या किमतीतल्या देशी हिश्श्याची, टक्केवारी मोजली जाते. देशात आखून, विकसित करून, बनवलेल्या मालाच्या गटात किमान ५० टक्के देशी आशय लागतो. सुटे भाग, कपडे, दुरुस्ती, किरकोळ साहित्य ही महसुली खरेदी. तिच्यासाठी वेगळी नियमपुस्तिका असून तिची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आपला संबंध बहुतेक वेळा या दुसरीशी येईल. ती पुस्तिका संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. निदान दिरंगाईचा दंड, तपासणी, पैसे देण्याच्या अटी आणि वाद-निवारण यांवरची प्रकरणे छापून घेऊन पेन्सिल हातात धरून वाचावीत.

आता ड्रॉईंगकडे वळू. समजा, चिलखती वाहनाच्या एखाद्या जोडणीत बसणाऱ्या कांस्याच्या बुशचे टेंडर निघाले आहे. ड्रॉईंगमध्ये आतला व्यास, बाहेरचा व्यास, लांबी आणि तेलाची खाच एवढेच दिसते आणि कोणताही टर्नर म्हणेल की हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण भारतीय सैन्याची बरीच उपकरणे मूळची रशियन बनावटीची असल्यामुळे कोपऱ्यात धातूचा दर्जा रशियन मानकाप्रमाणे लिहिलेला असतो. तो धातू त्या नावाने आपल्या बाजारात मिळत नाही. त्याच्या जवळचा भारतीय दर्जा कोणता, हे आपण स्वतः ठरवून चालत नाही. टेंडर भरण्याआधी ड्रॉईंग सांभाळणाऱ्या प्राधिकरणाला लेखी विचारून पर्यायी धातूची मान्यता घ्यावी लागते. हे पत्र ज्याने पाठवले नाही तो स्वस्त दर भरतो, ऑर्डर मिळवतो, माल बनवतो आणि मग पहिल्याच तपासणीत रासायनिक पृथक्करणाचा अहवाल जुळत नाही म्हणून सगळा माल परत येतो.

त्याच ड्रॉईंगवर आणखी चार गोष्टी पाहाव्यात. ड्रॉईंगची आवृत्ती कोणती आहे आणि ऑर्डरमध्ये लिहिलेली आवृत्ती तीच आहे का. टीपांमध्ये उल्लेखलेली इतर मानके कोणती आणि ती आपल्याकडे आहेत का. जेएसएस म्हणजे तिन्ही दलांची संयुक्त विनिर्देशपत्रे किंवा अमेरिकी लष्करी मानक यांचा नुसता क्रमांक दिलेला असतो आणि त्या एका क्रमांकामागे मिठाच्या फवाऱ्याची, कंपनाची आणि उणे तापमानाची महागडी चाचणी दडलेली असते. प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घ्यायची असेल, तर ते करणारा कारखाना मान्यताप्राप्त लागतो का. आणि पॅकिंगचे विनिर्देश वेगळे जोडलेले आहेत का. पॅकिंगकडे सगळेच दुर्लक्ष करतात. लष्करी आगारात एखादा भाग पाच-सात वर्षे पडून राहू शकतो आणि त्यानंतर थेट सियाचीनच्या पायथ्याशी किंवा राजस्थानच्या वाळूत उघडला जाऊ शकतो, म्हणून गंजरोधक तेल, मेणकागद, लाकडी पेटीचा दर्जा आणि तीवरच्या अक्षरांची उंचीसुद्धा ठरवून दिलेली असते आणि तिचा खर्च खरा असतो.

न समजलेली प्रत्येक गोष्ट टेंडरपूर्व बैठकीत किंवा लेखी प्रश्नाने विचारावी. विचारल्याने आपण अडाणी ठरू असे वाटून गप्प बसणारे पुष्कळ पाहिले आहेत. जो प्रश्न विचारतो त्याला काम कळते असाच अर्थ समोरचा अधिकारी घेतो.

पाचवी पायरी : किंमत भरणे

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीतील किमान २५ टक्के या उद्योगांकडून घ्यायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी राखीव आहेत. टेंडरचे शुल्क माफ असते आणि बयाणा रक्कम, म्हणजेच ईएमडी, भरावी लागत नाही. याहून महत्त्वाची सवलत अशी, की सर्वांत कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा असेल आणि आपला दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तोच दर मान्य करून मागणीचा काही भाग आपल्याला पुरवता येतो. मध्यम उद्योगाला या सवलती नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

सवलत आहे म्हणून दर पाडून टाकू नये. दरात कच्च्या मालाबरोबरच चाचणीचा खर्च, गेजचा खर्च, तपासणीत मोडतोड होणारे नमुने, सुमारे ३ ते ५ टक्क्यांच्या सुरक्षा ठेवीवरचे बँक गॅरंटीचे शुल्क आणि पैसे अडकून राहण्याच्या काळातले व्याज धरलेच पाहिजे. करारात आणखी मागणी त्याच दराने घेण्याची मुभा खरेदीदाराला असू शकते; पितळ किंवा तांबे मधल्या काळात महागले तरी दर बदलत नाही. तसेच फॉल क्लॉज या नावाने ओळखली जाणारी अट बहुतेक वेळा असते : हाच माल आपण दुसऱ्या कोणाला कमी दराने विकला, तर तो कमी दर येथेही लागू होतो. व्यवसायाच्या भरात ही अट विसरली जाते आणि वसुलीची नोटीस वर्ष-दोन वर्षांनी येते.

सहावी पायरी : नमुना, उत्पादन आणि तपासणी

ऑर्डर हाती आली की लगेच सगळा माल बनवायला घेऊ नये. पहिला नमुना किंवा पहिली लहान तुकडी बनवून मंजूर करून घ्यावी लागते आणि ती मंजुरी लेखी मिळाल्यावरच मोठे उत्पादन सुरू करायचे असते. तपासणी करारात नेमलेली संस्था करते. स्थलसेनेच्या आणि नौदलाच्या मालासाठी बहुधा गुणवत्ता आश्वासन महानिदेशालय म्हणजे डीजीक्यूए, विमानाच्या मालासाठी वैमानिक गुणवत्ता आश्वासन महानिदेशालय म्हणजे डीजीएक्यूए, आणि विमानात बसणाऱ्या नव्या भागाच्या उड्डाणयोग्यतेसाठी बंगळुरूची सेमिलॅक ही संस्था असते.

तपासणी अधिकारी कारखान्यात येतो तेव्हा तो आधी भाग हातात घेत नाही, फाईल मागतो. त्या बुशचेच उदाहरण पुढे नेऊ. कांस्याच्या सळीवर हीट क्रमांक, म्हणजे ती ज्या ओतीतून बनली त्या ओतीचा क्रमांक, ठोकलेला असतो. तोच क्रमांक धातू बनवणाऱ्या कारखान्याच्या चाचणी प्रमाणपत्रावर, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालावर, आपल्या स्टोअरच्या नोंदवहीत, कापणीच्या जॉबकार्डवर आणि शेवटी मोजमापाच्या तक्त्यावर असायला हवा. साखळीतला एक दुवा जरी तुटला, सळी कापताना क्रमांक असलेला टोकाचा तुकडाच भंगारात गेला एवढे जरी झाले, तरी हा माल त्याच सळीचा आहे हे सिद्ध करता येत नाही आणि मापे अचूक असूनही माल नाकारला जाऊ शकतो. म्हणून सळी कापण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर क्रमांक उतरवून घेण्याची सवय कामगारांना पहिल्या दिवसापासून लावावी. ही सवय लागली की निम्मी तपासणी तेथेच पार पडते. त्यानंतर अधिकारी आपल्या मायक्रोमीटरचे आणि बोअर गेजचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र पाहतो, तारीख उलटून गेली असेल तर मोजमाप तेथेच थांबते, आणि मग नमुना योजनेप्रमाणे काढलेले नग मोजतो.

नाकारलेला माल गुपचूप दुरुस्त करून पुढच्या तुकडीत मिसळण्याचा मोह काहींना होतो. हे कधीही करू नये. तो बुश एखाद्या वाहनात बसणार आहे आणि ते वाहन ज्या ठिकाणी बंद पडेल तेथे आत बसलेल्या जवानाला दुरुस्तीसाठी कोणी उपलब्ध नसेल, याची जाणीव कारखान्यातल्या शेवटच्या हेल्परपर्यंत पोहोचवणे हे मालकाचे काम आहे. चूक झाली असेल तर ती स्वतःहून कळवावी, ठरलेल्या मापापासून सवलतीची किंवा विचलनाची लेखी परवानगी मागावी आणि मिळाली नाही तर नवा माल बनवावा.

हे मानक प्रत्यक्षात गाठता येते याचा चांगला दाखला नागपुरात आहे. सोलर समूहाच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीला डीआरडीओच्या तंत्रज्ञानावर आधारलेल्या दहा लाख मल्टिमोड हातबॉम्बचा सुमारे ४०९ कोटी रुपयांचा करार ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पहिली तुकडी सैन्याच्या हाती पडली. ज्या वस्तूत एका दोषाची किंमत थेट वापरणाऱ्याच्या जिवाने चुकवावी लागते, ती वस्तू एका खासगी भारतीय कारखान्याने ठरलेल्या दर्जाने दिली, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते.

सातवी पायरी : पैसे

माल मंजूर झाला, पाठवला, आगारात पोहोचला, तेथे मोजून घेतला, पोचपावती झाली, बिल लेखा कार्यालयात गेले आणि मग पैसे आले, असा हा प्रवास आहे. बऱ्याच करारांत तपासणी आणि रवानगीच्या पुराव्यावर मोठा हिस्सा आणि उरलेला हिस्सा आगारात माल स्वीकारल्यावर दिला जातो. कागदात एक अक्षर चुकले, उदाहरणार्थ तपासणी नोंदीवरचा ऑर्डर क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळला नाही, तर बिल परत येते आणि रांगेच्या शेवटी जाते. म्हणून बिल पाठवण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या माणसांनी ते ऑर्डरशी ताडून पाहावे. उशिरा माल दिल्यास दंड लागतो; नेहमीचे प्रमाण दर आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के असे असते. नव्या नियमपुस्तिकेत स्वदेशीकरणाच्या कामांसाठी हे प्रमाण सौम्य केले आहे, तेव्हा आपल्या ऑर्डरला कोणते प्रमाण लागू आहे ते पाहून ठेवावे. उशीर होणार हे दिसताच मुदत संपण्याच्या आत मुदतवाढीचे पत्र द्यावे. मुदत संपल्यानंतर दिलेल्या पत्राला फारसे वजन उरत नाही.

आपल्या बाजूने कायदा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन दाद मागता येते. खासगी कंपनीने ही मुदत पाळली नाही, तर प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे तिला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, त्यामुळे २०२४ पासून मोठ्या कंपन्या याबाबत बऱ्याच सावध झाल्या आहेत. तरीही दाद मागत बसण्यापेक्षा ट्रेड्स या व्यवस्थेवर बिल वटवून घेणे सोपे पडते. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट यांसारख्या मंचांवर खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि थोड्या व्याजात रक्कम काही दिवसांत हातात येते.

पहिल्या ऑर्डरसाठी माझा सल्ला असा, की तिची एकूण रक्कम सहा महिने पूर्णपणे अडकली तरी कामगारांचे पगार थांबणार नाहीत, एवढ्याच आकाराची ऑर्डर घ्यावी.

मध्यस्थांविषयी

'नोंदणी करून देतो', 'आतल्या साहेबांशी ओळख आहे', 'टेंडर आपल्यालाच मिळेल' असे सांगणारा माणूस या वाटेवर भेटतोच. वर सांगितलेल्या सरकारी पोर्टलांवरील नोंदण्या कोणाच्याही ओळखीशिवाय करता येतात. मोठ्या करारांत सचोटीच्या करारावर, म्हणजे लाच-दलाली देणार नाही अशा लेखी हमीवर, स्वाक्षरी करावी लागते आणि दलाली किंवा लाच दिल्याचे सिद्ध झाल्यास करार रद्द होतो, ठेव जप्त होते आणि पुढील व्यवहारांवर बंदी येते. कागदपत्रे भरण्यासाठी सल्लागार नेमण्यात काही गैर नाही, मात्र त्याची फी ठरावीक असावी, ऑर्डरच्या टक्केवारीवर नसावी, आणि ती बँकेतून, पावतीसह दिलेली असावी. ड्रॉईंग मात्र त्याच्याही हाती देऊ नये. संरक्षण विषयक ड्रॉईंगे १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. ती व्हॉट्सअॅपवर जॉबवर्कवाल्याला पाठवणे हा अपराध ठरू शकतो. आवश्यक तेवढा भाग कागदावर द्यावा, सही घ्यावी आणि काम झाले की परत घ्यावा.

स्वतःची नवी वस्तू असेल तर

काही वाचकांकडे दुसऱ्याच्या ड्रॉईंगवरचा भाग नसून स्वतःची कल्पना असेल, एखादा संवेदक, एखादे सॉफ्टवेअर किंवा एखादा नवा पदार्थ. त्यांच्यासाठी एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेली आयडेक्स ही योजना आहे. सैन्यदले आपल्या अडचणी आव्हानांच्या रूपाने जाहीर करतात आणि निवड झालेल्या नवउद्योगाला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यात तेवढाच वाटा स्वतः उचलण्याची अट असते. याच कुटुंबातल्या आयडेक्स प्राइम आणि अदिती या योजनांत मर्यादा अनुक्रमे १० आणि २५ कोटी रुपये आहे. डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतून ५० कोटींपर्यंतच्या प्रकल्पांना साहाय्य मिळते. अर्ज करण्यापूर्वी ज्या दलाने आव्हान मांडले आहे त्याच्या अधिकाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे आणि त्या दलाचा जवान ते उपकरण कोठे, कोणत्या हातमोज्यांत, किती थंडीत वापरणार आहे हे समजून घेणे, हे सादरीकरण सजवण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

निर्यातीचा विचार पहिल्या दोन-तीन वर्षांत करू नये. करायचा झाल्यास लष्करी वस्तू स्कोमेट या निर्यात-नियंत्रित वस्तूंच्या यादीच्या सहाव्या वर्गात मोडतात आणि त्यांच्यासाठी संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते, एवढे ठाऊक असावे. परदेशातील ग्राहकाला ड्रॉईंग ई-मेलने पाठवणे हीसुद्धा निर्यातच समजली जाते.

माल दिल्यानंतर

वॉरंटीच्या काळात दोष निघाला तर वापरणाऱ्या तुकडीकडून दोष-अहवाल येतो आणि त्याला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. अहवाल येताच वाद न घालता आपला माणूस प्रत्यक्ष जागी पाठवावा, दोषी भाग परत मागवावा, हीट क्रमांकावरून त्याच सळीचे आणखी किती नग कोणत्या पेटीत गेले ते शोधून काढावे आणि तेही स्वतःहून कळवावे. हे करता यावे म्हणून प्रत्येक तुकडीचा एक राखीव नमुना, मोजमापाचे मूळ तक्ते आणि कच्च्या मालाची प्रमाणपत्रे त्या वाहनाचे किंवा उपकरणाचे आयुष्य लक्षात घेऊन जपून ठेवावीत. करारात कमी वर्षांची अट असली तरीही. रणगाडा किंवा तोफ तीस-तीस वर्षे सेवेत असते आणि त्यातला एखादा भाग पुन्हा हवा असेल, तेव्हा जुन्या फायली शाबूत असलेल्या कारखान्याला नव्याने नमुना मंजूर करून घेण्याचे काम पुष्कळ हलके जाते.